मायापेठेतला एक पैसा

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. हात सढळ, मन मोठे, पण मोजण्याचा त्याला भारी कंटाळा. एकदा तो डोंगरापलीकडच्या मायापेठेत गेला. तलवार घेतली, मोहरांची थैली फेकली आणि म्हणाला, "उरलेले ठेव." दुकानाची पायरी उतरला आणि दगड झाला.

त्या पेठेचा मालक कर्कट जादूगार. त्याचा शाप असा, की व्यवहारात चूक ठेवून जो पायरी उतरेल तो दगड होईल. उपाय एकच होता. त्याच पेठेतून दिवा, तेल आणि वाती विकत आणाव्या. त्या उजेडात दगडाचा पुन्हा माणूस होई. सेनापती गेला, प्रधान गेला. दोघेही दगड झाले.

राणी सुवर्चला रडत बसली नाही. राजकन्या इंदुलेखा आणि धाकटा शार्दूल यांच्या हातावर तिने तांब्याचे पैसे ठेवले आणि त्यांना रोज बाजाराला धाडले. पहिल्या दिवशी मुले पेरू घेऊन आली, परतीचे सुटे, म्हणजे मोड, विसरून आली. राणी म्हणाली, "परत जा." मुले गेली. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया हळूहळू बोटांना पाठ झाला. भाव ऐकताच ओठांवर पाढा येऊ लागला. मग राणीने त्यांना एकच रुपया दिला.

"कमी पडला तर, आईसाहेब?"

"मोजलात तर पुरेल. जा, आबासाहेबांना घेऊन या."

मायापेठेच्या वेशीवर धनेश पक्षी बसला होता. "कोण तुम्ही?" त्याने विचारले.

"गिऱ्हाईक," इंदुलेखा म्हणाली.

"मग या."

पहिले दुकान राक्षसिणीचे. दिव्याची किंमत नऊ आणे. तिने रुपया घेतला आणि हसत हसत आठ आणे परत केले.

"बाई, सातच यायचे," इंदुलेखा म्हणाली. "हा आणा तुमचा."

राक्षसिणीने दात खाल्ले.

दुसरे दुकान मगरतोंड्या तेल्याचे. "पळीला तीन पैसे. चार पळ्या घेतल्या, काढा चार आणे!"

"तीन चोक बारा पैसे," शार्दूल म्हणाला. "म्हणजे तीनच आणे."

"कोणी शिकवले रे तुला?"

"भाजीवाल्यांनी."

तिसऱ्या दुकानात खुद्द कर्कट. दिव्याला तीन वाती लागत, एकेक वात सव्वा आण्याला. मुलांनी कुजबुजत हिशेब केला. सव्वा आणा म्हणजे पाच पैसे. पाच त्रिक पंधरा. त्यांनी उरलेले चारही आणे पुढे ठेवले.

"एक पैसा परत द्या."

कर्कट हसला. "राजाची मुले, आणि एका पैशासाठी थांबता?"

"थांबतो."

त्याने एक पेटी उघडली. मोहरा. दुसरी उघडली. मोहराच. आजवर त्याच्याकडे कोणी मोड मागितलीच नव्हती, म्हणून दुकानात तांब्याचा तुकडा नव्हता.

"मोहर घ्या आणि चालते व्हा!"

"ती आमची नाही."

त्याने मंत्राने पैसा पाडला, वेशीवरून धनेश ओरडला, "खोटा!" ऊन उतरले, मुले हलली नाहीत. शेवटी कर्कट चडफडत शेजाऱ्याकडे सुटे मागायला निघाला. पायरी उतरला मात्र, दगड झाला.

शाप घालणाराच शापात सापडला, तेव्हा पायरीवरचा शाप मोडला; आधी झालेले दगड मात्र दगडच होते. शार्दूलने बहिणीचा हात घट्ट धरला. दोघे उतरली. काही झाले नाही.

मग कर्कटाला उजेडाबाहेर ठेवून त्यांनी दिवा पाजळला. उजेड पडला तसतशी माणसे जागी झाली. प्रधान शिंकला, सेनापतीने आळोखेपिळोखे दिले, राजाने डोळे उघडले आणि दोन्ही लेकरांना उराशी धरले. कर्कटाच्या पेट्या इंदुलेखेने रिकाम्या केल्या आणि ज्याचे त्याला मोजून दिले.

राजाने तिचे मोजणे पाहिले. मग हळूच म्हणाला, "मला शिकवाल?"

"उद्या भाजीला चला," शार्दूल म्हणाला.

राजा गेला, आणि पहिल्याच दिवशी वांगी घेताना चुकला. भाजीवालीने त्याला थांबवले. राजाने भर बाजारात बोटांवर पुन्हा मोजले, आणि त्या राज्यात कोणीही हसले नाही.