पाऊस कोणी बांधला?

पठारावर एक गाव होतं. त्याला चांगला राजा मिळाला आणि बघता बघता गावाचं नगर झालं. नगराचं नाव तेजनगर, राजाचं नाव रत्नकेतू. राजा न्यायी होता, कष्टाळू होता, प्रजेवर माया करायचा. त्याला वेड एकच होतं, बांधकामाचं. सकाळी उठून इतर राजे देवाचं तोंड बघत, हा गवंड्याचं बघायचा.

मग काय, आमराया गेल्या आणि तिथे पेठा आल्या. कुरणं गेली, तिथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंगणातली माती पायाला लागते म्हणून घरोघरी फरशी आली. नगराच्या पूर्व टोकाला, तटाला लागून, एक जुनं तळं होतं. राजानं तेही बुजवलं, त्यावर दगडी चौक बांधला आणि त्याला रत्नचौक असं नाव दिलं. आपल्या नावाचा चौक कोणाला आवडत नाही?

नगरापासून कोसभर पूर्वेला निंबोडी नावाचं खेडं होतं. नगराच्या तटाखालून निघणारा ओढा पुढे निंबोडीच्या दारावरून जायचा. पाऊसही त्याच वाटेनं यायचा. पश्चिमेकडून आधी नगरावर, मग निंबोडीवर. पूर्वी तो शहाण्या माणसासारखा पडायचा. आज थोडा, उद्या थोडा. नगर वाढत गेलं तसा त्याचा स्वभाव बदलला. पातळ ढग नगरावर आले की तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखे विरून जायचे आणि निंबोडीची पिकं माना टाकायची. मग एखाद्या दिवशी जाडजूड ढग यायचा. नगरावर आला की तो वर वर चढायचा, काळाठिक्कर पडायचा आणि सगळा भार निंबोडीवर टाकून मोकळा व्हायचा. त्या दिवशी पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून जायची.

हे असं का होतं, ते राजाला ठाऊक होतं. राजवाड्याच्या गच्चीवर तो रोज दुपारी उभा राहायचा. तापलेल्या फरशीतून आणि छपरांतून इतकी धग वर यायची, की घारी पंख न हलवता तिच्यावर तरंगत आभाळात जायच्या. ढगांनाही त्याच धगेवर फुगताना आणि चढताना त्यानं पाहिलं होतं. तटाबाहेर जिथे अजून झाडं होती, तिथे असं काही होत नव्हतं. तीन पावसाळे त्यानं हे पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच बांधकाम थांबवा असंही म्हणावं लागलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं.

त्या वर्षी तर कहरच झाला. पुनर्वसूचा तरणा पाऊस कोरडा गेला, पुष्याचा म्हातारा पाऊसही कोरडा गेला. निंबोडीत माणसं एकमेकांकडे संशयानं बघू लागली. आभाळाची मानगूट धरता येत नाही, तेव्हा हाताला लागेल त्याची धरली जाते.

निंबोडीत तान्हाबाई नावाची एक विधवा राहत होती. तिची विटांची भट्टी होती. पूर्वी ही भट्टी पावसाळ्यात बंद असायची. पण तेजनगरला विटा पुरेनात, म्हणून राजाच्या हुकमानं ती आता बारा महिने छपराखाली पेटायची. कच्ची वीट वाळायला ऊन लागतं आणि पावसानं तिचा चिखल होतो. लोकांना एवढं कारण पुरलं. कोणीतरी म्हणालं, "हिनंच पाऊस बांधलाय."

पाऊस मंत्रानं मडक्यात कोंडता येतो, अशी तिकडची समजूत होती. गाठ घट्ट असली की थेंब पडत नाही, आणि गाठ निसटली की सगळा एकदम कोसळतो. निंबोडीचा पाऊस नेमका तसाच पडत होता. लोकांनी भट्टीच्या तोंडाशी खणलं, तर खरोखरच एक मडकं निघालं. पालथं पुरलेलं, गळ्याला लाल दोरा. मग कोणी कोणाचं ऐकेना. तान्हाबाईचे हात बांधले आणि सगळं गाव, लेकरं आणि म्हातारी माणसं घरात ठेवून, तिला आणि ते मडकं घेऊन तेजनगरला आलं.

न्यायसभा रत्नचौकातच भरली. दुपारची वेळ होती. दुसऱ्या दिवशी चौकाचा सोहळा होता आणि परगावचे राजे येणार होते. फरशी एवढी तापली होती, की माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"म्हाराज," निंबोडीचे येसाजी पाटील म्हणाले, "तीन वर्सं झाली. लेकरांच्या तोंडात घास न्हाई. हिला हद्दीभाईर घालवा. न्हाईतर लोकं हिला हिच्याच भट्टीत लोटतील. मला आवरायची न्हाईत."

"ते मडकं पूजेचं हाय," तान्हाबाई म्हणाली. "पैल्यांदा भट्टी लावली तवा माज्या सासऱ्यानं पुरलेलं. मला घालवलं तर माजी सासू मरंल. ती आंधळी हाय, घरात एकलीच हाय."

भर पावसाळ्यात हद्दपार झालेल्या बाईला कोणतं गाव थारा देणार? पाऊस बांधणारी म्हटल्यावर तर कोणी ओसरीलाही उभं करणार नाही. हे चौकातल्या प्रत्येकाला कळत होतं.

राजानं वर पाहिलं. चौकावर घारी घिरट्या घालत होत्या आणि एकीचाही पंख हलत नव्हता.

नारोपंत प्रधान त्याच्या कानाशी लागले. "महाराज, बाई एकटी आहे. मागे एका आंधळ्या म्हातारीखेरीज कोणी रडणारं नाही. आज तिला घालवलं की गाव शांत होईल आणि उद्याचा सोहळा निर्विघ्न पार पडेल. लोकांनी दोषी शोधून आणलाच आहे. आपण फक्त हो म्हणायचं."

राजाचं मन आतून ओरडत होतं, की ही निर्दोष आहे. पण मन ओरडलं तरी ऐकू कोणाला जातं? त्यानं दूर तटाकडे नजर लावली आणि तो म्हणाला, "मडकं सापडलं आहे. तान्हाबाईला हद्दपार करावं."

तान्हाबाई रडली नाही. ती राजाकडे बघत राहिली, आणि राजानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

तेवढ्यात वारा पडला. पश्चिमेकडून आलेला ढग नगराच्या माथ्यावर थांबला आणि फुगू लागला. भर दुपारी चौकात अंधारून आलं. टपोरे थेंब फरशीवर आपटले, त्यांची वाफ झाली, आणि मग पाण्याच्या धारा लागल्या.

निंबोडीची माणसं वेड्यासारखी नाचू लागली. "गाठ सुटली," पाटील म्हणाले. "निकाल लागला आन् पाऊस आला. म्हाराज, तुमी देवमानूस." बायाबापड्या राजाच्या पाया पडू लागल्या. नारोपंत गालातल्या गालात हसले. नशीब असावं तर असं.

राजा मात्र धावत तटाच्या पायऱ्या चढला. ढग पूर्वेकडे कलत होता आणि निंबोडीवर आभाळ जमिनीला टेकलं होतं. खाली नगरात फरशी एक थेंब पीत नव्हती. प्रत्येक छपरावरचं, प्रत्येक अंगणातलं पाणी गल्ल्यांतून धावत चौकात येत होतं आणि तटाखालच्या मोठ्या मोरीतून ओढ्यात पडत होतं. त्या मोरीला लोखंडी दरवाजा होता. नगरात पाणी तुंबू नये म्हणून तो सदा उघडाच असायचा. ओढा दोन्ही काठ सोडून निंबोडीकडे निघाला होता.

पाटीलही मागोमाग वर आले. त्यांनी ओढा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आरं देवा," ते हळूच म्हणाले, "लेकरं घरात हायेत."

निंबोडी कोसभर लांब होती. पाण्याच्या आधी तिथे पोचेल असं माणूस नव्हतं, घोडा नव्हता. राजा गप्प राहिला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. उलट, हद्दपार झालेल्या बाईनं जाता जाता सूड घेतला, असंच लोक म्हणाले असते. हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्या मनाची त्याला किळस आली.

"मोरीचा दरवाजा पाडा," तो ओरडला.

नारोपंत हादरले. "महाराज, चौक बुडेल. पेठेतला माल बुडेल. उद्या पाहुणे येणार आहेत."

"माणसांना वरच्या आळीत न्या. माल राहू दे. आधी दरवाजा पाडा."

दरवाजा साखळीनं टांगलेला होता आणि साखळी तटावरच्या एका लाकडी रहाटाला गुंडाळलेली होती. पण तो कधी कोणी पाडलाच नव्हता, त्यामुळे रहाट फुगून घट्ट बसला होता. पहारेकऱ्यांनी जोर लावला, तो हलेना. राजानं शेला फेकला आणि तो रहाटाला भिडला. पाटील भिडले, गावातले गडी भिडले. तरी हलेना. तेवढ्यात शेजारी कोणीतरी खांदा लावला. राजानं पाहिलं तर तान्हाबाई. तिचे हात अजून बांधलेलेच होते.

"सासू वड्याकाठी हाय माजी," ती म्हणाली. "जोर लावा."

रहाट करकरला, फिरला आणि दरवाजा धाडकन खाली आला. पाटलांनी मान खाली घालून तान्हाबाईचे हात सोडले. चौकात पाणी चढू लागलं. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मग राजाच्या आसनावरून गेलं. पेठेतली कापडाची गाठोडी तरंगू लागली. व्यापारी वरच्या आळीतून राजाला शिव्या देत होते आणि राजा त्या मुकाट्यानं ऐकत होता.

दिवस मावळायच्या आत पाऊस थांबला. निंबोडीला पाठवलेला स्वार परत आला. शेतं पाण्याखाली होती, पण ओढा ओढ्याकाठच्या घरांच्या उंबऱ्यापाशी थांबला होता. लेकरं सुखरूप होती. आंधळी म्हातारी खाटेवर बसून सुनेला हाका मारत होती.

राजा चिखलानं माखला होता. तो तटाच्या पायरीवर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाऊस तान्हाबाईनं बांधला नाही. माझ्या नगरानं बिघडवला. या दगडांची धग ढगांना वर चढवते, रिमझिम पिऊन टाकते आणि मुसळधार तुमच्यावर लोटते. गुन्हेगार मी आहे. हा चौक मी फोडणार, तळं पुन्हा खणणार. अंगणांची फरशी निघेल आणि जिथे झाडं होती तिथे झाडं येतील. तेजनगर यापुढे एका विटेनंही वाढणार नाही."

पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याच गावानं एका निरपराध बाईला दोरीनं बांधून आणलं होतं.

तान्हाबाई पुढे आली. तिच्या मनगटावर दोरीचे वळ होते. "म्हाराज, एक इचारते," ती म्हणाली. "हे तुमाला कवा कळलं?"

राजाला खोटं बोलता आलं असतं. आजच कळलं, म्हणाला असता तर सगळ्यांना पटलं असतं. तो म्हणाला, "तीन पावसाळे झाले."

"म्हंजे निकाल दिला तवा ठावं हुतं."

"ठाऊक होतं."

तान्हाबाईनं तटाच्या पायरीवर ठेवलेलं आपलं मडकं उचललं. "मग पावसाचं तुमी बगा," ती म्हणाली. "मला सासूकडं जायाचंय." आणि राजाला मुजरा न करता ती निघून गेली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

राजानं शब्द पाळला. चौक फुटला, तळं भरलं, झाडं लागली. पाऊस काही लगेच ताळ्यावर आला नाही; बिघडवायला लागली त्याहून जास्त वर्षं त्याला सुधारायला लागली. लोकांनी राजाला पुढे क्षमाही केली. तान्हाबाईची भट्टी पुष्कळ वर्षं चालली. चुली, विहिरी, देवळं, साऱ्या पंचक्रोशीत तिच्या विटा गेल्या. तेजनगरात मात्र तिची एकही वीट पुन्हा आली नाही, आणि राजानंही कधी मागितली नाही.

तात्पर्य: आपल्या वाढीनं शेजाऱ्याचं आभाळ बिघडत असेल, तर दोषी त्याच्या अंगणात शोधू नये. आणि खरं ठाऊक असेल तर ते वेळेवर बोलावं. उशिरा बोललेलं सत्य पूर अडवतं, पण मोडलेलं मन जोडत नाही.