आमेन लांबवणारी सारजाबाई

फार वर्षांपूर्वी, बोरखळीला सडक नव्हती तेव्हाची ही गोष्ट. गाव ख्रिस्ती, चर्च मातीचं, आणि एक नियम कडक: प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत.

त्या साली घटसर्प आला. पोरांचे गळे आतून सुजायचे, श्वास कोंडायचा. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई टोचायचं औषध घेऊन बैलगाडीने आल्या, पण एक दार उघडलं नाही. चर्चचे पंच शमुवेलबाबा सांगून बसले होते, "ज्याचा विश्वास कच्चा, तो सुई घेतो." लोकांना सुईपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेची भीती जास्त. मोठ्यांची अब्रू राहत होती आणि पोरं पुरली जात होती.

चर्च झाडायला सारजाबाई होती. तिच्या नातीच्या, रूथच्या, घशात घरघर लागली. रविवारी भर उपासनेत ती रूथला कडेवर घेऊन आत आली, आणि मागोमाग औषधाची पेटी घेऊन डॉक्टरीणबाई.

"बाई, ती पेटी बाहेर ठेवा," शमुवेलबाबा म्हणाले.

"आधी प्रार्थना करू की, बाबा." असं म्हणून सारजाबाईने डोळे मिटले आणि सुरूच केली. बाईमाणसाने चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना केलेली कोणी ऐकली नव्हती. पण सुरू झालेली प्रार्थना मोडणार कोण? बाबांनीही डोळे मिटले.

"देवा, माझ्या रूथचा हात उघडा आहे. आता इथे कोणी कोणाला बघत नाही, तू सोडून. जिला औषध हवं, तिने लेकराची बाही वर सारावी. जिला नको, तिने झाकून घ्यावी."

मग ती थांबेचना. घराघराचं नाव घेतलं, विहिरींसाठी मागितलं, बैलांसाठी मागितलं, शमुवेलबाबांचे गुडघेसुद्धा सोडले नाहीत. डॉक्टरीणबाई एका चटईवरून दुसऱ्या चटईवर सरकत होत्या. असं म्हणतात, की ऊन उंबऱ्यावर येऊन थबकलं. असं म्हणतात, की बाटलीतलं औषध संपेना.

शेवटी राहिला बाबांच्या मांडीवरचा त्यांचा नातू. त्याची बाही कोणी सारली? डॉक्टरीणबाई पुढे एवढंच सांगायच्या, "हात म्हातारे होते."

त्यानंतर सारजाबाई म्हणाली, "आमेन."

रूथ वाचली. घटसर्पाने मग बोरखळीतलं एकही मूल नेलं नाही, असं म्हणतात.

आजही लसीच्या दिवशी चर्चमध्ये चटया पडतात. दवाखान्यातली सिस्टर पेटी उघडते, एखादी बाई प्रार्थना सुरू करते, आणि शेवटच्या पोराला टोचून झाल्याशिवाय आमेन म्हणत नाही. शमुवेलबाबा पहिल्यापासून औषधाच्याच बाजूचे होते, असं आता म्हातारी मंडळी सांगतात. सांगू देत. एवढ्या प्रार्थनेपुरते मात्र बोरखळीत कोणी डोळे मिटत नाही.