सतरा पायऱ्या आणि एक बाक

देवाशपथ, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. ती घडली तेव्हा मी त्या जिन्यातच उभा होतो. म्हणजे अगदी जिन्यात नाही, खाली अंगणात. आता अंगणात तरी कसा असेन, त्या गावात मी कधी पाऊलच टाकलेलं नाही! पण ज्यानं मला ही सांगितली त्याच्या मिशा इतक्या भरघोस होत्या की अविश्वास दाखवायची माझी छाती झाली नाही. तुम्हीही दाखवू नका.

तर खाडीच्या काठी एक गाव होतं आणि गावात एक दुमजली शाळा होती. खाली पाचवीचा वर्ग, वर दहावीचा, मध्ये सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना. तो जिना चढायला पोरांना पाच वर्षं लागत. उतरायला एकच दिवस.

त्या दिवसाची एक रीत होती. दहावीच्या मुलांनी आपल्या वर्गातलं एक बाक उचलायचं आणि खाली पाचवीत नेऊन ठेवायचं, नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी. नेताना दर पायरीला शाळेची एक आठवण सांगायची. आठवण सांगून झाल्याशिवाय पुढची पायरी उतरायची नाही. बाक पाचवीत टेकलं की हेडसर परीक्षेची हॉलतिकिटं आणि शाळा सोडल्याचे दाखले हातात ठेवत. मग पोरं धावत धक्क्यावर आणि होडीतून पलीकडे, कारण परीक्षेचं केंद्र खाडीपार होतं आणि पहिला पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या वर्षीच्या वर्गाच्या पायांत नुसतं वारं शिरलं होतं. हेडसरांचं भाषण लांबलं होतं, पाहुण्यांचं त्याहून लांबलं होतं. पोहे खाताना कुणी बसलं नाही. कुणाची वळकटी आधीच फाटकाशी, कुणी चपला घालूनच सभेला आलेला. आणि ओहोटी लागली होती. धक्क्यावरून होडीचा तांडेल ओरडत होता, "अरे विद्वानांनो! पाणी उतरतंय! होडी चिखलात बसली तर पेपर काय खेकड्यांबरोबर लिहिणार?"

"उचला, उचला!" मॉनिटर म्हणाला. हा पाच वर्षं मॉनिटर होता. भांग सरळ, वह्या सरळ, सगळ्या मास्तरांचा लाडका. आठ जणांनी बाक उचललं. बाकीचे पुढे-मागे झाले.

बाकाच्या डाव्या कोपऱ्याला एक मुलगी होती. तिला सगळे खडू म्हणत. सातवीपर्यंत शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची. ती 'क्ष' कसा काढते ते बघायला लहान पोरं दारात गर्दी करत. मग सातवीत एक भानगड झाली आणि तिच्या हातातून खडू गेला तो गेलाच. हेडसरांनी तेव्हाच बजावलं होतं, "हे तुझ्या दाखल्यावर जाणार!" तिला पलीकडच्या चित्रशाळेत जायचं होतं, आणि तिथले गुरुजी चित्रं बघण्याआधी दाखल्यावरचा 'वर्तणूक' हा रकाना वाचत. म्हणून सगळ्यांना होडीची घाई होती, आणि तिला खाली पोचायचीच भीती.

पहिल्या पायरीला कुणी तरी सांगितलं, "पाचवीत मी पहिल्या दिवशी रडलो होतो."

"दुसऱ्या दिवशीही!" मागून आवाज आला. सगळे हसले. पायरी उतरली.

दुसरी, तिसरी, चौथी. आठवणी भराभर येत होत्या. गॅदरिंगमध्ये राजाची दाढी गळून पडली होती ती, सहलीत डबा माकडानं नेला होता ती. हातातलं बाक म्हणाल तर फूल.

पाचव्या पायरीवर वर्गातला एक बडबड्या पुढे झाला. त्याचं नाव रेडिओ. तो म्हणाला, "सहावीत प्रयोगशाळेत साप निघाला, आठवतंय? मी शेपटीला धरून बाहेर फेकला!"

आणि बाक जड झालं. थोडंथोडकं नाही, त्यावर एक म्हैस येऊन बसावी इतकं.

"अरे, कुणी हात सोडला?"

"कुणी नाही! दहाही बोटं इथं आहेत माझी!"

"रेडिओ," एक मुलगी धापा टाकत म्हणाली, "तो साप नव्हता. पडद्याची दोरी होती. आणि तू टेबलावर चढला होतास."

रेडिओ लाल झाला. "बरं बाई, दोरी होती. पण लांब होती!"

म्हैस उठली. बाक पुन्हा हलकं झालं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. खाडीकाठची पोरं हुशार असतात, त्यांना काय ते कळलं. हे लाकूड कान देऊन ऐकतं आणि थाप त्याला पेलत नाही. झालं, पुढच्या सहा पायऱ्या सगळे जपून बोलले. "मला वाटतं, बहुतेक बुधवार असावा," अशा आठवणी. वेळ मात्र जात होता. खाली हेडसर दोन गठ्ठे घेऊन उभे, एकात हॉलतिकिटं, दुसऱ्यात दाखले. बाहेर तांडेल आता ओरडायचा थांबून शिट्ट्या मारत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

बाराव्या पायरीवर रेडिओला राहवेना. "ती सांगू या ना! आपली सगळ्यात भारी आठवण!"

"सुविचाराची!" सगळे एकदम ओरडले. कारण ही आठवण त्या वर्गाचा जीव की प्राण होती. सहलीत, जेवणाच्या सुट्टीत, ती त्यांनी शंभरदा सांगितली होती. सांगता सांगता पोरं खडूकडे बघून टाळ्याही वाजवत.

"सातवीत तपासणीचे साहेब आले होते," रेडिओनं सुरू केलं. "फळ्यावर सुविचार होता, 'ज्याला वेळेची किंमत कळली, तोच मोठा झाला.' आणि खाली, त्याच सुंदर अक्षरात, आणखी एक ओळ! 'आमच्या हेडसरांना मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर उठवावं लागतं.' साहेब वाचतात, हसतात, हसताना टोपी पडते! आणि लिहिणारी कोण? आमची शूर खडू! जय हो!"

"जय हो!" सगळा जिना गर्जला.

आणि बाक असं खाली बसलं की बारावी पायरी कडकडली. मिशाळ गृहस्थ म्हणाला की पलीकडच्या डोंगरावरची माकडंसुद्धा दचकली. माकडांचं मला माहीत नाही. बाक मात्र हलेना. आठांचे सोळा झाले, सोळांचे एकवीस झाले, तरी जिन्यालाच उगवल्यासारखं ते घट्ट.

"काही तरी चुकलंय गोष्टीत! सुधारा, लवकर सुधारा!"

"साहेबांची टोपी पडली नव्हती. वाकडी झाली होती."

हललं नाही.

"साहेब हसले नव्हते. खोकले होते."

नाही.

"हेडसर झोपत नाहीत," एकानं खाली बघत मोठ्यानं सांगितलं. "ते डोळे मिटून विचार करतात."

बाक आणखी इंचभर रुतलं. खाली हेडसरांनी घसा खाकरला.

"अरे, होडी कलायला लागली!" तांडेलाचा आवाज आला. "अजून थोडा वेळ, मग मी चाललो!"

आता पोरं रडकुंडीला आली. कुणी बाकाला लाथ मारली, कुणी हात जोडले. एक जण म्हणाला, बाक इथंच टाकून पळू या. पण खाली हेडसर उभे, आणि हॉलतिकिटं त्यांच्या काखेत.

तेवढ्यात रेडिओ वळला. "खडू, तू तरी सांग ना! तुझीच तर गोष्ट आहे. तूच लिहिलंस ना ते?"

ती बाकाच्या कोपऱ्याला टेकून उभी होती. म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही ती सांगताय. हे विचारलंत आज पहिल्यांदा."

"म्हणजे?"

"मी लिहिलं नव्हतं."

बाक उचललं गेलं, पण बोटभरच.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" एक जण चिडून म्हणाला. तो बाकावर चिडला होता की स्वतःवर, देव जाणे.

"बोलले होते की. हेडसरांपुढं तीनदा. तुमच्यापुढं एकदा. तुम्ही म्हणालात, अगं घाबरतेस काय, आम्हाला अभिमान आहे तुझा. मग टाळ्या वाजवल्यात."

पायांतलं वारं कुठं गेलं कुणास ठाऊक.

मॉनिटरनं मात्र घाईघाईनं बाकाला हात घातला. "बरं, बरं, उचलतंय ना आता? बोटभर तर बोटभर! ओढत नेऊ. कुणी लिहिलं ते नंतर बघू, पेपर महत्त्वाचा की..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाक पुन्हा बसलं. या वेळी त्याची बोटं खाली अडकली.

आता सगळा जिना त्याच्याकडे बघत होता. बोटं दुखत होती, पण त्याला वेगळंच काही टोचत होतं. खाली हेडसरांच्या काखेत त्याचाही दाखला होता आणि त्यावर 'वर्तणूक: आदर्श' असं लिहिलेलं होतं. एक शब्द बोलला की तो गेला. न बोलला तर एकवीस जणांचं वर्ष गेलं. आणि तिचं नाव तर तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं.

"मी लिहिलं," तो म्हणाला. इतक्या हळू, की फक्त बाकाला ऐकू गेलं. त्याची बोटं सुटली.

मग तो ताठ उभा राहिला आणि जिना दणाणेल असं ओरडला, "हेडसर, ती ओळ मी लिहिली होती! तिच्या अक्षरासारखं अक्षर काढायला मी आठ दिवस गिरवत होतो. मला वाटलं होतं, हसतील आणि विसरतील."

रेडिओचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्या वर्गात असं पहिल्यांदाच घडलं.

बाक कसं उतरलं ते कुणाला कळलंही नाही. उरलेल्या पाच पायऱ्यांच्या आठवणी खडूनंच सांगितल्या, आणि त्यांतली एकही मजेची नव्हती. रोज सकाळी दुसऱ्याच्या हातचा सुविचार वाचताना काय वाटायचं, तेवढंच. कुणी टाळी वाजवली नाही. तांडेलसुद्धा शिट्टी विसरला.

खाली हेडसरांनी तिचा दाखला गठ्ठ्यातून काढला आणि फाडला. नवा कागद घेतला आणि भरत भरत 'वर्तणूक' या रकान्यापाशी आले.

"पोरी, तू तीनदा सांगितलंस," ते म्हणाले, "आणि मी एकदाही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही." मग लिहिलं, 'उत्तम', आणि मॉनिटरकडे वळले. "तुझ्यावर काय लिहू?"

"'खरं बोलतो, पण उशिरा', असं लिहा, सर."

हेडसरांनी 'आदर्श' खोडलं आणि तेच लिहिलं.

होडीत बसताना तो तिच्याजवळ गेला. ती म्हणाली, "इथं नको. तिकडं टोकाला बस." तो टोकाला बसला. पाणी जेमतेम होतं. तळ चिखलाला घासला, पण होडी गेली. ती चित्रशाळेत पोचली. तोही कुठं तरी पोचलाच असेल.

आता यातली थाप कोणती, ते सांगून टाकतो. नाही तर मला रात्री झोप लागायची नाही. बाक जड झालं, ही थाप. लाकूड ते लाकूड, त्याला कान नसतात. खरं बाक त्या दिवशी सतरा पायऱ्या हसत-खिदळत, फुलासारखं खाली आलं. बाराव्या पायरीला जय हो झालं. होडी भरल्या पाण्यात, अगदी वेळेवर सुटली. दाखल्यावर जे लिहिलं होतं तेच राहिलं, आणि वीस जण हसत असताना एक जण हसत नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. लाकडानंच हे काम केलं असतं, तर मला ही गोष्ट कशाला सांगावी लागली असती?

म्हणून गाठीला बांधून घ्यायचं तात्पर्य एवढंच: सगळ्या वर्गाला हसवणारी आठवण सांगण्याआधी, ती जिच्यावर बेतली होती तिला एकदा विचारा, आणि ती जे सांगेल ते टाळ्या न वाजवता ऐका.