एकादशीचं केळं

सावळगड संस्थानाच्या शेजारच्या गावांत देवीच्या रोगाने पोरं दगावू लागली, तेव्हा डॉक्टर सोमण लशीची पेटी घेऊन राजधानीत आले. रायाजीराव महाराजांनी भर दरबारात त्यांना सुनावलं, "सातासमुद्रापलीकडची वस्तू आमच्या प्रजेच्या अंगात जाणार नाही. वाडवडिलांना जे ठाऊक नव्हतं, ते आम्हाला नको."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. महाराज पाटावर बसले, तर समोर चांदीच्या ताटात एकच केळं.

"खिचडी कुठे आहे?"

राणी अंबिकाराजे म्हणाल्या, "साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळंच मूळचं सातासमुद्रापलीकडचं. कालच्या हुकमानंतर मुदपाकखान्यात कसं ठेवणार?"

"उपासाचे पदार्थ आणि परके? काहीतरीच काय!"

"पुरोहितबुवांना विचारा. वाडवडिलांच्या पोथ्यांत बटाट्याचं नाव आहे का?"

शेजारच्या पाटावर पुरोहितबुवा खाली मान घालून आपलं केळं सोलत होते.

"ही परकी मंडळी दर एकादशीला आपल्या पोटात जातात आणि वर पुण्यही देतात," राणीसाहेब म्हणाल्या. "लस तर नुसती दंडाला टोचायची आहे."

महाराजांनी केळ्याकडे बघितलं. पोटात कावळे ओरडत होते.

"बरं, बोलवा त्या डॉक्टरांना. आणि खिचडी टाका."

"खिचडी तयार आहे, डॉक्टरही बाहेरच बसलेत," राणीसाहेब म्हणाल्या. "आधी दंड पुढे करा."