होडीच्या तळाशी

"कसला वास आला?" काठावरून बुवांनी विचारलं.

"वास?..."

सुबोध होडीच्या तळाला कपाळ टेकून नुकताच उठला होता. हात इंजिनाच्या दोरीवर. हिसका द्यायचा आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं.

धरणाच्या पाण्यापलीकडे गंभीरबुवांची मठी होती. वाडीतल्या माणसांना दर्शनाला न्यायला बुवा स्वतः होडी चालवत. आज पहिल्यांदाच त्यांनी इंजिन शिष्याच्या हाती दिलं होतं. सुबोधच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

वर्षभर तो बघत आला होता. बुवा टाकी उचलून काठावर नेत, तिथे पेट्रोल भरत, टाकी परत होडीत ठेवून नळी जोडत. मग गुडघे टेकून पार तळाला डोकं लावत. त्यानंतरच दोरी.

केवढी ही भक्ती! सुबोधने वाडीभर सांगून टाकलं होतं, की होडी हे गुरूचंच रूप आहे, तिच्या पाया पडल्याशिवाय बसायचं नाही.

टाकी काठावर नेण्यात मात्र त्याला काही भक्ती दिसली नव्हती. त्यामुळे आज त्याने ती होडीतच भरली. थोडं सांडलं. सांडणारच.

बुवांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं याचा तो विचार करत होता. तेवढ्यात पुढे बसलेल्या अनसाबाईंनी मांडीवरच्या नातवाला सावरत पिशवीतून उदबत्ती काढली.

मग काडेपेटी.

बुवा कधी उठले, पाण्यात कधी उतरले, कुणालाच कळलं नाही. अनसाबाईंच्या हातावर त्यांचा हात होता. काडेपेटी त्या हाताखाली.

"उतरा. सगळे उतरा."

"अवो बुवा, पन धाकल्या म्हाराजांनीच सांगितलं न्हवं... होडीच्या पाया पडून बसायचं म्हून?"

माणसं काठावर गेली. मग बुवांनी सुबोधला बोटाने तळाकडे खूण केली.

सुबोध पुन्हा वाकला. या वेळी नाकातोंडात पेट्रोलचा वास भरला, डोळ्यांतून पाणी आलं. फळ्यांखाली पेट्रोल नुसतं साचलं होतं.

"याची वाफ जड असते," बुवा म्हणाले. "वर येत नाही. खाली जाऊन बघावं लागतं."

त्यांनी त्याच्या हातात फडकं दिलं.

सुबोध पुसत राहिला. काठावर ते पोर आजीच्या कडेवरून त्याच्याकडे बघून हसत होतं. त्याला वर बघवेना. वर्षभर वाडीला शहाणपण शिकवत होतो आपण... त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी वाकलो होतो, बुवा," शेवटी तो म्हणाला. "अगदी तुमच्यासारखा. मन एकाग्र करून, डोळे मिटून, श्वास रोखून..."

बुवा फळ्या उचलून वाऱ्याला उभ्या करत होते.

"म्हणजे तुम्ही रोज नुसता वास घेत होतात? तो नमस्कार नव्हताच?"

बुवांनी शेवटची फळी टेकवली. हात पुसले.

"नमस्कारच होता," ते म्हणाले. "मी फक्त श्वास रोखत नाही."