हिरवी भिंत

त्या राज्यातला वणवा विझून तीन वर्षं झाली होती, आणि जळालेल्यांची नावं घ्यायला बंदी होती. रानगव्यांच्या मंडळानं फर्मान काढलं होतं की, चित्रं काढायची ती हिरवीच : कोंब, पालवी, डोलणारी कुरणं.

हिरव्या रंगात सारसाचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याचं नवं चित्र उघडलं की प्राणी जयजयकार करत आणि चरायला निघून जात.

नदीपलीकडच्या कड्यावर मात्र साळू नावाची साळिंदर कोळशानं चित्रं काढी. वणव्यात गेलेल्यांची, पाठमोरी, पाय पोटाशी घेतलेली. तिथे जयजयकार नसे. प्राणी येत आणि नुसते गप्प उभे राहत.

ते गप्प उभं राहणं सारसाला डाचू लागलं. एकदा तो स्वतःच बघायला गेला. रेघन्‌रेघ न्याहाळून म्हणाला, "साळू, या हरणीची मान बेढब झालीय."

"तशीच होती ती. पाडस असताना मोडली होती ना."

सारसाला घास गोड लागेना. अशी एक रेघ आपल्याला जन्मात जमली नाही, हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी तो मंडळापुढे उभा राहिला.

"माझं काही नाही, महाराज," तो म्हणाला, "पण प्रजा तिथे जाऊन रडते."

साळू हद्दपार झाली. तिच्या चित्रांवरून कडा रंगवायचं काम सारसाकडेच आलं. त्यानं जीव ओतून रंगवला. इतका हिरवा त्यालाही पूर्वी कधी साधला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्राणी जमले. कोणी जयजयकार केला नाही. सगळे गप्प उभे राहिले. सारसाचा ऊर भरून आला.

मग एक म्हातारी सांबर पुढे झाली. ओल्या रंगावर एका जागी तिनं नाक टेकवलं. "इथं माझा धाकटा." तिच्या डावीकडे, खाली, सशानं पंजा ठेवला. "आई इथं." एकामागून एक येत गेले. कोणी चाचपडलं नाही, कोणाची जागा चुकली नाही.

शेवटी सारसही पुढे झाला. त्याची जोडीदारीण त्याच वणव्यात गेली होती. साळूनं तिलाही काढलं असणारच. त्यानं चोच उचलली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे त्याचाच हिरवा होता.