मनधरणीचा कातळ

सावरी गावाच्या पैलतीरावर एक सपाट कातळ आहे, निम्मा काठावर, निम्मा नदीत. त्याला मनधरणी म्हणतात. हा शब्द इथूनच निघाला, असं सावरीकरांचं म्हणणं. तुळाजी नावाडी पाहुण्यांना होडीत घेण्याआधी त्याची गोष्ट सांगतो.

फार पूर्वी सावरीत ठकू नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. एकदा पाटलांच्या सुनेला मेलेलं मूल झालं. पाटलीण आनसूबाई दुःखाने पिसाटली आणि चारचौघांत म्हणाली, "हिचे हातच अपशकुनी!" ठकू नदी ओलांडून गेली, झोपडी बांधून राहिली आणि पुन्हा कुणाचं बाळंतपण करणार नाही, अशी शपथ घेतली.

तीन वर्षांनी तीच सून बाळंतपणात अडली. पाटलांची माणसं आली, दरडावून गेली. मग लुगडंचोळी आली. ठकूने ती दारातूनच परत धाडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. ठकू उंबऱ्यावर बसली होती. धुक्यातून तिला आनसूबाई दिसली, कातळाच्या टोकाला, गुडघाभर पाण्यात उभी.

"ठकू, तेव्हा मी खोटं बोलले. चल म्हणायचा मला हक्क नाही. एवढंच सांगायला आले."

मग ती नुसती उभी राहिली.

ठकूने हात पदराखाली घेतले. किती वेळ गेला कोण जाणे. आणि म्हणे, नदी वाहायची थांबली. त्या शांततेत गावातलं सुनेचं कण्हणं शेजारच्या खोलीतून यावं तसं ठकूला ऐकू आलं. पदराखाली तिची बोटं आपोआप हलू लागली. ती उठली, कातळावर उतरली.

"पाटलीणबाई, हात द्या. पाय गारठले असतील."

दोघी तशाच नदीतून निघाल्या. पाणी पायांना लागत होतं, ओढत नव्हतं. दुपारी पाटलांच्या घरात मूल रडलं आणि त्याच क्षणी नदी पुन्हा वाहू लागली, असं सांगतात.

कुणी म्हणतं, मन धरलं म्हणून मनधरणी. कुणी म्हणतं, मनासाठी धरणं धरलं म्हणून.

आजही सावरीत कुणी कुणाला दुखावलं, तर चुकलेला माणूस त्या पाण्यात उभा राहतो, चूक एकदाच सांगतो आणि गप्प होतो. यंदा दोन सख्खे भाऊ आले होते. ऊन कलेपर्यंत एक पाण्यात, एक काठावर. तेवढा वेळ तुळाजीने होडी सोडली नाही, आणि उतारूंपैकी कुणी घाईही केली नाही.